काँग्रॅट्स, एचबीडी, आरआयपी: इंग्रजीतल्या आखूड शुभेच्छांपैकी कोणती कुठे शोभते

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी येते की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीला वैद्यकीयला प्रवेश मिळाला. पाच मिनिटांत खाली रांग लागते: काँग्रॅट्स, काँग्रॅट्झ, ग्रॅट्स, काँगो. आता तुमची पाळी. पूर्ण ‘काँग्रॅच्युलेशन्स’ लिहावं तर स्पेलिंगपाशी अंगठा अडखळतो, आणि छोटं लिहावं तर काकू स्वतः वाचणार आहेत. इंग्रजीत सर्रास चालणाऱ्या अशा आखूड शुभेच्छा इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत: कोणती कुणाला चालते, कोणती कुठे खटकते आणि का.

आखूड करण्याच्या तीन तऱ्हा

सगळ्या आखूड शुभेच्छा एका जातीच्या नाहीत, आणि निवड करताना हाच फरक सगळ्यात जास्त कामाला येतो.

पहिली तऱ्हा छाटणीची. लांब शब्दाचं डोकं किंवा शेपूट कापलं की उरलेला तुकडा तोंडाने सहज म्हणता येतो: काँग्रॅट्स, बाय, बी-डे, ‘बेस्ट विशेस’मधलं नुसतं ‘बेस्ट’. दुसरी तऱ्हा आद्याक्षरांची: एचबीडी (हॅपी बर्थडे), एटीबी (ऑल द बेस्ट), जीडब्ल्यूएस (गेट वेल सून), एचएनवाय (हॅपी न्यू इयर). तिसरी स्वर गाळण्याची: ‘रिगार्ड्स’मधले स्वर काढून आर-जी-डी-एस, ‘मॉर्निंग’मधले काढून एम-आर-एन-जी.

यातली कोणती माणसाला माणसासारखी वाटेल हे ओळखायची साधी कसोटी आहे: समोरच्याच्या तोंडावर हा शब्द म्हणता येतो का? लग्नाच्या स्टेजवर नवरदेवाचा हात हातात घेऊन ‘काँग्रॅट्स’ म्हणता येतं. केक कापताना ‘एचबीडी’ असं कुणी ओरडत नाही. छाटलेला शब्द बोलीतून लिखाणात आलेला असतो, म्हणून त्यात आवाज ऐकू येतो. आद्याक्षरं आणि स्वर गाळलेली रूपं फक्त बोटांतून आलेली असतात.

छाटणी जुनी झाली की तिची खूणसुद्धा उरत नाही. ‘गुडबाय’ हे मुळात ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्या पाठीशी असो’ या वाक्याचं आकसलेलं रूप. 1570 च्या दशकातल्या इंग्रजी लिखाणात त्याची अर्धवट आकसलेली रूपं सापडतात. पुढे ‘गुड डे’, ‘गुड इव्हनिंग’ यांच्या संगतीत ‘गॉड’चं ‘गुड’ झालं, आणि मग पुढचा भागही गळून नुसतं ‘बाय’ उरलं. आज कुणी ‘बाय’ म्हटलं म्हणून आशीर्वादात काटकसर केली असं कुणाला वाटत नाही.

मराठीलाही हे नवं नाही. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, दीर्घायुषी हो. ‘सौ. कां.’ म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. पोस्टकार्डाच्या माथ्यावर मोठ्यांसाठी ‘सा. न. वि. वि.’ आणि बरोबरीच्यांसाठी ‘स. न. वि. वि.’ लिहिलं जायचं, आणि त्यात कुणी आळस पाहिला नाही. मग एचबीडीच का खटकतं? फरक असा की ‘अ. उ. आ.’च्या खाली अख्खं कार्ड भरून मजकूर असायचा: परीक्षा कशी गेली, आईची कंबर कशी आहे, आंब्याची पेटी पोचली का. आखूड रूप दारासारखं होतं, आत घर होतं. एचबीडी बहुतेक वेळा एकटं येतं आणि तिथेच संपतं.

खाली ज्या ज्या रूपाची तुलना आहे तिथे हा एक प्रश्न मनात ठेवा: याच्या मागे एक ओळ जोडणार आहात का? जोडणार असाल तर जवळजवळ कुठलंही रूप चालून जातं. नसाल तर निवड जपून करावी लागते.

हा नुसता ज्येष्ठांचा हट्टही नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात आठ प्रयोग मिळून पाच हजारांहून जास्त लोकांनी भाग घेतला होता. संक्षेप वापरणारा माणूस वाचणाऱ्याला कमी मनापासून बोलणारा वाटतो आणि त्याला उत्तर द्यायची इच्छाही कमी होते, असं त्यात दिसलं. वाचणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: याने माझ्यासाठी किती कष्ट घेतले?

काँग्रॅट्स आणि त्याची भावंडं

सगळ्या आखूड शुभेच्छांत सर्वांत भरवशाचा शब्द काँग्रॅट्स. तो मोबाइलने जन्माला घातलेला नाही. 1880 च्या दशकापासून तो इंग्रजीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘काँग्रॅटर्स’ असंही एक रूप निघालं होतं, ते मागे पडलं आणि काँग्रॅट्स टिकलं. मुळाशी लॅटिनमधलं ‘ग्राटुस’ आहे, म्हणजे सुखद, आवडतं. आधीच्या ‘कॉन’चा अर्थ ‘सह’. दुसऱ्याच्या आनंदात आपणही आनंद मानणं, असा तो शब्द. भाषाशास्त्रज्ञ या ‘ग्राटुस’चं नातं आपल्या संस्कृतातल्या ‘गृणाति’शी, म्हणजे स्तुती करण्याशी जोडतात.

हे मूळ लक्षात ठेवलं की स्पेलिंगची भीती जाते. ‘ग्रॅटिट्यूड’मध्ये टी आहे, ‘ग्रेटफुल’मध्ये टी आहे, म्हणून इथेही टीच. लोक डी घालतात कारण पूर्ण शब्द बोलताना बऱ्याच तोंडी ‘काँग्रॅज्युलेशन्स’ असा मऊ होतो. शिवाय अमेरिकेत पदवीदान समारंभाच्या कार्डांवर ‘ग्रॅड’वर, म्हणजे पदवीधरावर, कोटी म्हणून मुद्दाम डी घालतात, ते पाहून तेच बरोबर असावं असा समज होतो. आखूड रूप वापरलं तरी डीची चूक होऊ शकते, आणि आखूड शब्दात ती जास्त डोळ्यांत भरते.

व्याकरणात तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, शेवटचा एस सोडता येत नाही. ‘काँग्रॅट’ असं एकवचन चालत नाही. दोन, काँग्रॅट्स हे क्रियापद नाही. ‘आय वाँट टू काँग्रॅट्स यू’ हे आपल्याकडे खूप दिसतं. तिथे ‘काँग्रॅच्युलेट’च लागतं. तीन, पुढचं शब्दयोगी. माणसासाठी ‘टू’, गोष्टीसाठी ‘ऑन’: ‘काँग्रॅट्स टू बोथ ऑफ यू ऑन द न्यू हाउस’. आपण मराठीतल्या ‘बद्दल’चं थेट ‘फॉर’ करतो. मित्रांत त्याने काही बिघडत नाही, पण लेखी इंग्रजीत ‘ऑन’ जास्त रुळलेलं आहे.

भावंडांचं चटकन सांगता येईल. ‘ग्रॅट्स’ आणि झेड लावून ‘ग्रॅट्झ’ ही ऑनलाइन खेळांच्या जगातली रूपं. कुणी पुढची पातळी गाठली की खेळ चालू ठेवून एका हाताने टाइप करता यावं म्हणून ती रुजली. खेळाच्या बाहेर, विशेषतः पन्नाशीच्या वाचणाऱ्याला, ती अपुरं टाइप झाल्यासारखी वाटतात. ‘काँगो’ ही आपल्या कॉलेजांतली निर्मिती. हॉस्टेलच्या मित्राला खुशाल पाठवा, पण परदेशातल्या सहकाऱ्याला तो आफ्रिकेतला देशच वाटेल. स्वर गाळलेलं सी-एन-जी-आर-टी-एस हे रूप तर कुणासाठीच घेऊ नये: वाचायला काँग्रॅट्सपेक्षा जास्त वेळ लागतो आणि वाचतात फक्त दोन अक्षरं.

आता जवळून पाहू. ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमना बढती मिळाली आहे. तीन मसुदे:

‘काँग्रॅट्स!!’

‘हार्टिएस्ट काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर वेल-डिझर्व्ह्ड प्रमोशन.’

‘काँग्रॅट्स ऑन द प्रमोशन, मॅडम. द टीम स्टिल टॉक्स अबाउट हाउ यू हँडल्ड द मार्च ऑडिट.’

पहिला मसुदा ग्रुपमधल्या बाकी तीसजणांत विरघळतो. दुसरा बिनचूक आहे, आदबशीर आहे, पण तोच कुणालाही पाठवता आला असता. तिसऱ्यात शब्द आखूड असूनही तो त्या एकाच बाईंना लिहिलेला आहे. बढतीचा मेल सगळ्यांच्या वतीने, अधिकृत, फाइलला लागणारा असेल तर मात्र दुसराच घ्या; तिथे ओळखीची ऊब नको असते, संस्थेचा सूर हवा असतो. एरवी तिसरा.

विरामचिन्हाचंही भान हवं. नुसतं ‘काँग्रॅट्स’ लिहून पुढे पूर्णविराम दिला तर ते कोरडं, थोडं रुसल्यासारखं वाचलं जातं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं होतं की एका शब्दाच्या उत्तराला पूर्णविराम दिला की मोबाइलवर ते कमी मनापासूनचं वाटतं. तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर तसं वाटत नाही. एकच उद्गारचिन्ह पुरेसं. पाच उद्गारचिन्हं शब्दाला मोठं करत नाहीत.

लग्नाच्या बाबतीत एक जुना संकेत माहीत असलेला बरा. इंग्रजी भाषिकांच्या पूर्वीच्या शिष्टाचारात अभिनंदन नवरदेवाचं करायचे आणि नवरीला ‘बेस्ट विशेस’ द्यायचे. तिचं अभिनंदन केलं तर तिने नवरा पटकावला असा वास येतो, असं मानत. आज हा नियम फार कुणी पाळत नाही. पण परदेशात सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या कार्डावर सही करताना ‘काँग्रॅट्स’ऐवजी ‘बेस्ट विशेस टू यू बोथ’ लिहिलं की दोन्ही पिढ्या सांभाळल्या जातात.

वाढदिवस: एचबीडी, हॅपी बी-डे, मेनी हॅपी रिटर्न्स

एचबीडीचा उपयोग एका ठिकाणी खरा आहे: जिथे दिवसाला दोन-तीन वाढदिवस असतात अशा दोनशे जणांच्या गटात, जिथे तुम्ही फक्त हजेरी लावत आहात आणि समोरच्यालाही ते माहीत आहे. त्यापलीकडे तो शब्द घेऊ नये. मावशी, सासरे, जुने शिक्षक, साठीशांत झालेले काका यांना एचबीडी गेलं की त्यांना शुभेच्छा दिसत नाही, उरकणं दिसतं.

‘हॅपी बी-डे’ मधलं पाऊल. बी आणि डेच्या मध्ये वर स्वल्पविराम देतात तो गाळलेल्या अक्षरांची खूण. दिला नाही तरी चालतो. बरोबरीच्या मंडळींना, धाकट्यांना, चुलत-मावस भावंडांना हे रूप बरोबर बसतं, कारण ‘हॅपी’ शाबूत आहे. शुभेच्छेतला भावनेचा शब्द राखायचा आणि प्रसंगाचा शब्द छाटायचा, हे लक्षात ठेवलं तर नवी रूपंही पारखता येतात. ‘हॅपी अ‍ॅनी’ म्हणून चालतं, ‘एच. अ‍ॅनिव्हर्सरी’ कसंतरीच दिसतं.

‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’ आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतलं. अर्थ साधा आहे: हा दिवस तुझ्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आनंदाने येवो. ब्रिटनमध्ये आज ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ इतकंच बहुधा म्हणतात. याची आद्याक्षरं करू नका. सहा-सात अक्षरांची ती माळ कुणालाही पटकन उलगडत नाही, आणि इतकी जुनी, भरदार शुभेच्छा निवडून ती चिरडण्यात काही हशील नाही.

उशीर झाला तर ‘बिलेटेड हॅपी बर्थडे’. ‘हॅपी बिलेटेड बर्थडे’ही खूप चालतं, पण उशीर शुभेच्छेला झालाय, वाढदिवसाला नाही, म्हणून इंग्रजीचे जाणकार पहिलं रूप पसंत करतात. आपल्याकडचं ‘अ‍ॅडव्हान्स हॅपी बर्थडे’ परदेशातल्या वाचकाला अडतं. तिथे ‘हॅपी बर्थडे इन अ‍ॅडव्हान्स’ लिहावं. ‘विश यू हॅपी बर्थडे’ लिहिताना मधला ‘अ’ गळतो: ‘विशिंग यू अ व्हेरी हॅपी बर्थडे’. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छेला ‘सेम टू यू’ हे उत्तर नव्हे; ते नववर्षाला, दिवाळीला चालतं, जिथे सण दोघांचाही असतो.

परीक्षा, मुलाखत, सामना

इथे निवड सोपी आहे. भारतात परीक्षेला निघालेल्याला ‘ऑल द बेस्ट’ म्हणतात, अमेरिकेत त्याच जागी ‘गुड लक’ जास्त ऐकू येतं. ब्रिटनमध्ये ‘ऑल द बेस्ट’ हे निरोप घेताना आणि पत्राच्या शेवटीही येतं. त्यामुळे मँचेस्टरच्या सहकाऱ्याने मेलखाली एटीबी लिहिलं तर तो कुठल्याही परीक्षेबद्दल बोलत नाहीये. ते त्याचं ‘कळावे, लोभ असावा’ आहे.

जीएल आणि जीएलएचएफ, म्हणजे ‘गुड लक, हॅव फन’, ही ऑनलाइन खेळ सुरू होण्याआधी प्रतिस्पर्ध्याला दिली जाणारी रूपं. त्या जगात ती पूर्ण सभ्य आहेत, तिथे पूर्ण वाक्य लिहिणाराच वेगळा पडतो. दहावीच्या पेपरला निघालेल्या भाचीला मात्र ‘ऑल द बेस्ट’ पूर्ण लिहा. मोजा तर एटीबीपेक्षा सात अक्षरंच जास्त आहेत.

आजार आणि मृत्यू

आतापर्यंतच्या चुका फार तर कोरड्या वाटतात. इथल्या चुका लागतात, आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतात.

जीडब्ल्यूएस म्हणजे ‘गेट वेल सून’. ताप, मोडलेला हात, अपेंडिक्स यांसाठी पूर्ण शब्दांत ‘गेट वेल सून’ ठीक. आद्याक्षरांत ते कुणालाच नको: अंथरुणावर पडलेल्या माणसाला वेळच वेळ असतो, आणि तो प्रत्येक संदेश दोनदा वाचतो. आजार दीर्घ किंवा गंभीर असेल तर पूर्ण रूपही चुकतं. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्याला ‘लवकर बरे व्हा’ म्हणणं म्हणजे त्याच्या हातात नसलेली गोष्ट त्याच्याकडे मागणं. तिथे ‘थिंकिंग ऑफ यू’ लिहावं आणि पुढे काहीतरी करता येण्याजोगं: मंगळवारी डबा मी आणते, केमोच्या दिवशी गाडी माझी. टीसी, म्हणजे ‘टेक केअर’, हे तर आपल्याकडे तिकीट तपासनीस आणि शाळा सोडल्याचा दाखला या दोन्हींचं नाव आहे. ‘टेक केअर’ पूर्णच लिहावं.

आरआयपी. मुळात ही इंग्रजी आद्याक्षरं नाहीत. लॅटिनमधलं ‘रेक्विएस्कात इन पाचे’, म्हणजे त्याला शांती लाभो, ही ख्रिस्ती प्रार्थना; इंग्रजी ‘रेस्ट इन पीस’ची आद्याक्षरं नेमकी तीच जुळली. कबरीच्या दगडावर ती कोरली जायची, आणि दगडावर अक्षर खोदायचं म्हणजे प्रत्येक अक्षराला घाम गाळायचा. तिथे तीन अक्षरं म्हणजे काटकसर नव्हती. तीच तीन अक्षरं गटात एकाखाली एक चाळीस वेळा आली की नेमकं उलट होतं. घरातली माणसं दिवसकार्य संपल्यावर कधीतरी तो धागा वर सरकवत बसतात, नावं शोधतात. तिथे आरआयपी दिसतं तेव्हा त्यांना कळतं की इथे कुणी थांबलं नव्हतं.

मराठी घरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हेच योग्य, आणि त्याहून चांगलं म्हणजे गेलेल्या माणसाची एक खरी आठवण. इंग्रजीतच लिहायचं असेल तर ‘सो सॉरी फॉर युअर लॉस’ असं पूर्ण लिहा, जवळच्यांना वैयक्तिक पाठवा, गटात नको. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती घरी ‘रेस्ट इन पीस’ला प्रार्थनेचा अर्थ आहे, तिथे ते पूर्ण शब्दांत शोभतं. आणि काहीही लिहिण्याआधी बातमी नीट वाचा: वडील गेले की वडिलांची पुण्यतिथी आहे. ‘डेथ अ‍ॅनिव्हर्सरी’ दिसली की अंगठा सवयीने ‘हॅपी अ‍ॅनी’कडे वळतो, आणि हे खरोखर घडतं.

याच घाईतली दुसरी चूक ‘हॅपी गुड फ्रायडे’. तो दिवस येशूच्या क्रुसावरच्या मृत्यूचा, उपवासाचा आणि शोकाचा. शुभेच्छा दोन दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी द्यायच्या. मोहरमला ‘हॅपी’ लावणंही टाळावं.

सण: एक्समस आणि एचएनवाय

एक्समसमधला एक्स हा ख्रिस्ताला खोडून घातलेला फुलीचा एक्स आहे, असा समज कितीतरी ख्रिस्ती घरांतही आहे. खरं म्हणजे तो ग्रीक ‘खी’, ‘ख्रिस्तोस’ या नावाचं पहिलं अक्षर, आणि इंग्रजीत हे रूप सोळाव्या शतकापासून आहे. वाचायचंही ‘ख्रिसमस’ असंच. इतिहास त्याच्या बाजूने असला तरी ज्याला पाठवायचं आहे त्याच्या मनात तो फुलीचाच एक्स असेल तर इतिहास कामाला येत नाही. दुकानाच्या फलकाला, मित्रांना चालेल. श्रद्धाळू कुटुंबाला ‘मेरी ख्रिसमस’ पूर्ण लिहा. गोव्यात पोर्तुगीज वळणाचं ‘बोआस फेस्तास’ अजून ऐकू येतं, आणि आपला ‘नाताळ’ही पोर्तुगीज ‘नाताल’वरूनच आला आहे. तिथल्या जुन्या पिढीला यातलं काहीही एक्समसपेक्षा जवळचं.

एचएनवाय एक जानेवारीच्या मध्यरात्री, जाळं तुंबलेलं असताना, ठीक. सकाळी उठल्यावर पाठवायचं तर पूर्ण लिहायला वेळ आहे.

ही काटकसर आली कुठून? बरीचशी आली ती पैशांतून. तारेला शब्दामागे पैसे लागत, म्हणून आपल्या तार खात्याने ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिले होते. तुम्ही क्रमांक लिहून द्यायचा, पलीकडच्या टोकाला पूर्ण वाक्य छापून निघायचं. जुलै 2013 मध्ये ती सेवा बंद झाली. मोबाइलच्या एसएमएसला इंग्रजीत 160 अक्षरांची मर्यादा, देवनागरीत फक्त 70, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच 27 संपतात. त्यात आपल्याकडे दिवाळी आणि नववर्षाच्या दिवशी मोफत एसएमएसच्या योजना लागू नसायच्या. म्हणून माणसं रोमन लिपीकडे आणि आखूड रूपांकडे वळली. गंमत म्हणजे जगातला पहिला एसएमएस, 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ यांनी पाठवलेला, ‘मेरी ख्रिसमस’ असा पूर्ण होता: तो संगणकाच्या कळफलकावर टाइप केलेला होता. आता अक्षराला पैसे पडत नाहीत. मोजमाप उठलं, सवय राहिली.

मेलच्या शेवटी

व्यवसायातला मेल हा आखूड शुभेच्छांचा रोजचा बाजार. तिथे पर्याय असे:

| रूप | कुठे बसतं | कुठे अडतं |
|---|---|---|
| बेस्ट | अमेरिकी सहकारी, दिवसातला तिसरा-चौथा मेल | पहिला मेल. आपल्याकडे अपुरं वाक्य वाटतं |
| बीआर (बेस्ट रिगार्ड्स), केआर (काइंड रिगार्ड्स) | युरोपातले ग्राहक, लांबलेली चर्चा | सरकारी पत्र, नोकरीचा अर्ज |
| आर-जी-डी-एस | जहाज-वाहतूक, मालवाहतूक | एचआर, बँक, शाळा |
| चीअर्स | ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ओळखीतले | भारतातले अनोळखी वाचक |

स्वर गाळलेलं आर-जी-डी-एस टेलेक्सच्या, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवणाऱ्या यंत्राच्या, काळातलं आहे. तिथे जोडणी किती वेळ चालू होती त्यावर आकार लागे, म्हणून ‘प्लीज’, ‘थँक्स’, ‘रिगार्ड्स’ सगळ्यांचे स्वर गेले. मुंबईतल्या जहाज कंपन्यांच्या मेलमध्ये ती लिपी अजून जिवंत आहे, आणि तिथे ती कामाची भाषा आहे, उद्धटपणा नाही. बाहेरच्या वाचकाला ती कामाची भाषा वाटत नाही, एवढं जाणून वापरावी. ‘वॉर्म रिगार्ड्स’चं डब्ल्यूआर मात्र नकोच: गाळलेली ऊब ऊब राहत नाही, आणि मुंबईकराला ती पश्चिम रेल्वे दिसते.

ब्रिटनमध्ये चीअर्स म्हणजे पेला उंचावणं, आभार आणि ‘येतो’ तिन्ही. आपल्याकडे पहिलाच अर्थ आधी येतो. समोरच्याने दोनदा वापरल्यावर तुम्ही वापरा.

मेलचा नियम म्हणून एकच सांगतो: पहिल्या मेलला ‘काइंड रिगार्ड्स’ किंवा ‘बेस्ट रिगार्ड्स’ पूर्ण, मग समोरचा जितका खाली उतरेल तितकंच आपण उतरायचं, त्याच्या आधी नाही. आणि आपोआप लागणाऱ्या सहीत बीआर घालून ठेवू नका. यंत्राने लावलेली शुभेच्छा, तीही कापलेली, कुणासाठीच नसते.

सगळ्यात आखूड आणि तरी पूर्ण

हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांची, शुभेच्छा फक्त दोन आकड्यांची आहे: 73, म्हणजे ‘बेस्ट रिगार्ड्स’. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी तारयंत्र चालकांच्या अंकसंकेतातून ती आली. मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या लांब-आखूड ठोक्यांच्या लिपीत, तिचा ताल पाहा: दोन लांब, तीन आखूड, मग तीन आखूड, दोन लांब. उलटी वाचली तरी तीच, आणि म्हणून कानाला गोड. 88 म्हणजे प्रेम आणि पापा, तो घरच्यांसाठी. नवशिके 73 ला शेवटी एस लावतात, ते चूक. 73 मध्ये अनेकवचन आधीच आहे. भारतात परीक्षा देऊन, परवाना घेऊन हवेत आलेला माणूसही संभाषण 73 नेच संपवतो. तिथे कुणाला ते तुटक वाटत नाही, कारण आकडा येण्याआधी दोघांनी हवामान, अँटेना, सिग्नलची ताकद सगळं बोलून झालेलं असतं.

छोटं टाइप करा, पूर्ण पाठवा

अंगठ्याचे कष्ट हीच अडचण असेल तर फोनला कामाला लावा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट. अधिकची खूण दाबून वरच्या ओळीत पूर्ण वाक्य आणि खालच्या ओळीत आखूड रूप. आखूड रूप लिहून स्पेस दिली की वाक्य उलगडतं. अँड्रॉइडवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कळफलक, असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, भाषा निवडून तेच. इथे वाक्य आपोआप लागत नाही, कळफलकाच्या वरच्या पट्टीत दिसतं, त्यावर बोट ठेवावं लागतं.

दोन गोष्टी बिघडतात. आखूड रूप म्हणून खराखुरा शब्द ठेवला, उदाहरणार्थ ‘बेस्ट’, तर साध्या वाक्यातही तो फुटून बाहेर येतो. म्हणून दुहेरी अक्षराची खूण ठेवा, जसं एचएचबीडी. आणि एकाच गटात दोघांना एकच वाक्य गेलं की सगळ्यांना कळतं. त्यामुळे साठवायचं ते फक्त मधलं: ‘विशिंग यू अ व्हेरी हॅपी बर्थडे’. आधीचं नाव आणि नंतरची ओळ हाताने.